आपखुशीने दिलेली सात पात्रे

तुम्ही खोटे लिहिलेत, आणि पुसता येऊ नये म्हणून ते कांशात ओतून घेतलेत. "तुंगच्या लोकांनी आपखुशीने दरवाजा उघडला, आपखुशीने पितरांची सात पात्रे खांगच्या चरणी ठेवली." हे तुमचे वाक्य. ज्यांनी ते पहिल्यांदा कोरवून घेतले ते तुम्ही, आणि ज्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते उतरवून घेतले तेही तुम्हीच. गाद्या बदलल्या, निशाणांचे रंग बदलले, या वाक्यातला एक कानामात्रा बदलला नाही. तुमच्या पदरी विद्वान होते, लेखक होते, वेळ होता. तरी त्यांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही, की बेचाळीस दिवस राळ्याची पातळ पेज पिऊन तट लढवणारी माणसे त्रेचाळिसाव्या दिवशी आपखुशीने काय देतील. तेव्हा आता बसा आणि ऐका.

पीतनदीच्या उत्तर तीरावर, जिथे पिवळ्या मातीचे कडे थेट पाण्यात उतरतात आणि नदी त्यांचा रंग घेऊन पुढे जाते, तिथे तुंगचा कोट उभा होता. दगड त्या मुलखात नाही. चार पुरुष उंचीचा तो तट मातीचाच होता, पण धुम्मस घालून, थरावर थर चोपून तो असा घट्ट केलेला, की कुऱ्हाडीचा घाव त्यावर लाकडासारखा वाजे. वेढ्याच्या सदतिसाव्या दिवशी पहाट झाली तेव्हा नदीवरचे धुके अजून खंदकात साचून होते, आणि त्या धुक्यापलीकडे खांगच्या सैन्याच्या चुली, शेकडो, एकेक करून पेटत होत्या. तटावर चूल नव्हती. पहारेकरी दुसऱ्यांच्या चुलींचा धूर पाहत उभे होते, आणि धूर वाऱ्याने आत आला की तोंड उघडून घेत होते.

खांगचा राजा हा बलाढ्य माणूस. त्याला तुंगची जमीन नको होती. तसली पिवळी माती त्याच्याकडे डोंगर डोंगर होती. त्याला पात्रे हवी होती.

त्या काळी तिथे राज्य कोणाचे हे पात्रांवरून ठरे. सार्वभौमाची नऊ, मांडलिक राजाची सात, सरदाराची पाच, असा दंडक होता. कांशाची, तीन पायांची, दोन कानांची ही पात्रे. मोठ्यापासून लहानापर्यंत अशी ओळीने मांडलेली. अमावास्येला त्यांत मांस शिजे आणि त्याची वाफ पितरांना पोचे. ज्याच्या हाती पात्रे त्याचे पितर जेवत, आणि ज्याचे पितर जेवत त्याची भूमी. पात्रे न घेता कोणी नगरात शिरला तर तो दरोडा ठरे, पात्रे घेऊन शिरला तर वारसा. खांगच्या राजाला वारस व्हायचे होते.

पात्रांच्या पोटावर एक तोंड असे. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असते ना, त्याच जातीचे: दोन बटबटीत डोळे, वळलेली शिंगे, वरचा जबडा, आणि खालचा जबडा नाहीच. जे कितीही खाते आणि ज्याला गिळता येत नाही असे तोंड. त्याच्या भोवती सुईच्या टोकाएवढ्या जागेतही चौकोनी वळणे भरलेली; त्या नक्षीला ते लोक मेघगर्जना म्हणत. ही सगळी नक्षी कांशावर कोरत नसत. मातीच्या साच्यात ती आधी उलटी कोरायची, साच्याचे तुकडे जुळवायचे, आत मातीचा गाभा बसवायचा, आणि मधल्या पोकळीत कांसे ओतायचे. कांसे थंड झाले की साचा फोडायचा. साचा एकदाच. म्हणून एका पात्रासारखे दुसरे पात्र जगात नसे.

तुंगमध्ये साचा कोरणारी होती शुआन. चाळिशी ओलांडलेली, बोटांच्या पेरांत माती कायमची बसलेली, बोलायला फटकळ. तिच्या घराण्यात पाच पिढ्या साचे कोरले गेले होते. भाऊ नव्हता, म्हणून बापाने कोरणी तिच्या हाती दिली. कांसे ओतणारा तिचा नवरा, कुन. वीस वर्षे एक कोरी, दुसरा ओती. कुन डावखुरा होता, आणि शुआन त्यावरून त्याला चारचौघांत हसे. ती म्हणे, यांना साचा कोरायला दिला तर मेघ गडगडायच्या ऐवजी मागे फिरतील.

त्या सदतिसाव्या दिवशी सकाळी दरबार भरला. राजा जिंग सत्तरीचा, दोन्ही डोळ्यांनी गेलेला. उजवीकडे प्रधान मेंग, डावीकडे तटाचा सेनापती दुआन. दुआनने अर्ज केला की बाणांची टोके संपली. बायकांचे आरसे, घोड्यांचे लगाम, दारांच्या कड्या, सगळे भट्टीत जाऊन तटावरून उडाले. आता नगरात कांसे एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण कोणते हे त्याने उच्चारले नाही. उच्चारायची गरज नव्हती. सभेतली माणसे जमिनीकडे पाहू लागली.

प्रधान मेंग उठला. तो उत्तम बोले. पितरांच्या तोंडचा घास काढून शत्रूच्या छातीत मारायचा, हे ज्या जिभेने सुचवले ती जीभ आपण ऐकली नाही असे समजतो, असे तो म्हणाला. तुंग बुडाले तरी चालेल, पण अधर्माने तरलेले तुंग पितर ओळखणार नाहीत, असेही म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. पुष्कळांचे भरून आले. मेंगचे अश्रू खरे होते की नाही हे सांगता येत नाही. माणूस पुष्कळ दिवस खोटे बोलला की त्याच्या डोळ्यांना पाणी आपोआप येते.

राजा ऐकत होता. शेवटी तो इतकेच म्हणाला, की वितळवायचे की नाही ते नंतर. आधी त्यांतून किती टोके होतील हे तरी कळू द्या. साचेकारणीला देवघरात पाठवा.

मेंगने हरकत घेतली. पण देवघराच्या उंबऱ्याच्या आत राजा आणि हात धुतलेली साचेकारीण यांवाचून कोणी जायचे नाही, ही रीत मेंगनेच गेली दहा वर्षे सर्वांना बजावली होती. तो उंबऱ्याबाहेर थांबला.

आत, परमुलखातून आणलेल्या दगडाच्या चौथऱ्यावर सात पात्रे होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे पाय त्याच जागी ठेवले जात असल्याने दगडात प्रत्येकाचे तीन खळगे पडले होते. शुआन पहिल्यापासून अंदाज घेत चालली. सातवे पात्र सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जुने, मूळपुरुषाचे. तिथे ती थांबली. तिने पात्राच्या कानाला बोट लावले, आणि पात्र डुगडुगले.

पाय खळग्यांत बसत नव्हते. नखभर आत पडत होते.

तिने वाकून पाहिले. जुन्या पात्रावर ओली माती दाबून कोणी साचा काढला असेल तर माती वाळताना आकसते, आणि पात्र तेवढे लहान उतरते, हे भट्टीवरचे शेंबडे पोरही जाणते. मातीत न उठलेली मेघगर्जनेची वळणे कोणी हाताने पुन्हा कोरली होती, आणि ती उजवीकडून डावीकडे संपत होती. तोंडाच्या कपाळावर चार लहान चौकोन दिसत होते, आजूबाजूच्या कांशापेक्षा किंचित काळे. ते टेकू. गाभा साच्याला चिकटू नये म्हणून मध्ये जुन्या कांशाचे तुकडे ठेवतात, ओतल्यावर ते भिंतीतच राहतात. शुआनच्या घरात टेकू नेहमी डोळ्यांच्या बुबुळांआड ठेवत, म्हणजे फुगवट्याखाली खूण झाकून जाई. हे ज्याला माहीत नव्हते अशा माणसाने हा साचा जुळवला होता. ज्याने आयुष्यभर फक्त ओतले अशा माणसाने.

तुंगमध्ये डावखुरा ओतारी एकच होता.

"डुगडुगते ना?" आंधळा राजा मागे येऊन उभा होता. "मी त्याला रोज हात लावतो, बाई. एकवीस दिवस झाले."

शुआनने विचारले, मग महाराज बोलले का नाहीत. राजाने शांतपणे सांगितले, की दरवाजावरची शिबंदी मेंगची, कोठाराच्या किल्ल्या मेंगच्या कमरेला. मूळपुरुषाचे पात्र त्याने खांगकडे विसारासारखे आधी पाठवले, बाकीची सहा अमावास्येला दरवाजा उघडून देणार. आणि आज त्याला द्रोही म्हटले तर दरवाजा अमावास्येला न उघडता आज उघडेल. राजा म्हणजे काय, तर सगळे ठाऊक असणारा आणि काही न करता येणारा माणूस, असे त्याच्या वाट्याला आले होते. तुम्हाला हे नवे वाटेल. तुमच्या गादीला नेहमी सगळे करता यायचे आणि काहीच ठाऊक नसायचे.

मग त्याने विचारले, "हे कोणाच्या हातचे?"

शुआनने पात्रावरची उलटी वळणे पाहिली. राजाची बोटे त्याच वळणांवर होती.

"ओळखता येत नाही, महाराज."

"बरे," राजा म्हणाला. "ओळखता येत नाही, असेच असू द्या."

उद्या चतुर्दशी, पात्रे धुण्याचा दिवस, असे तो पुढे बोलला. पात्रे कापडाखाली झाकून विहिरीवर नेतात, आणि ती जाताना वाटेतल्या प्रत्येकाने, मग तो प्रधान का असेना, कपाळ जमिनीला लावून पडून राहायचे. वर पाहील त्याचे डोळे काढायचे. विहीर भट्टीला लागून आहे. शुआनला समजले. तिने लेखी आज्ञा मागितली, कारण पाच पिढ्यांचे हात त्या पात्रांत होते आणि ते फोडणाऱ्याचे नाव कुत्रेही घेणार नव्हते.

"लिहिले तर मेंगच्या लेखकाकडून लिहावे लागेल," राजा म्हणाला. "मला लिहिता येत नाही आता. पहिला घाव मी घालतो. तेवढेच माझ्याकडे आहे."

ती घरी आली. कुन भट्टीच्या तोंडाशी राख काढत बसला होता. तिने त्याला काही विचारले नाही, फक्त म्हणाली, "टेकू डोळ्यांमागे ठेवतात."

कुनने राख काढणे थांबवले. मग एकेक करून सांगितले: मेंगने बोलावले होते, देवघरातून रात्री काढवलेले पात्र पुढे ठेवले होते; खांगचा राजा नगर घेतो तेव्हा ओताऱ्यांना मारत नाही, घेऊन जातो; एक पात्र घडवून दे, तुझ्या भट्टीची चाळीस घरे जिवंत राहतील, असा शब्द दिला होता.

"आणि तटावरची घरे?"

"तटावरची कोणी वाचवील असे मला वाटलेच नाही, शुआन. तुला वाटत होते?"

खरे पात्र बाहेर कुठून गेले असे तिने विचारले, आणि त्याने सांगितले, पूर्व दरवाजाखालच्या सांडपाण्याच्या मोरीतून. एक माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी ती आहे. मेंगच्या माणसाने आतली जाळी सैल करून ठेवली आहे.

आता इथे नीट लक्ष द्या. दुआनला एवढे सांगितले असते, की मोरी बुजव, तर त्याने तासाभरात माती भरली असती. पण तो विचारणार, हे तुला कोणी सांगितले. दोघांनी गुपचूप बुजवावी, तर तुंबलेले सांडपाणीच त्याला तिथे घेऊन येणार. आणि तुंगमध्ये द्रोहाला शिक्षा एकट्याला नसे. वर एक पिढी, खाली एक पिढी, आणि ज्या भट्टीवर तो काम करी ती सगळी भट्टी. ज्या चाळीस घरांसाठी कुनने ते पाप केले, ती चाळीस घरे दुआनला स्वतः कापावी लागली असती, आणि मग टोके कोण ओतणार होते? शुआनने रात्रभर हे दोन्ही बाजूंनी तोलले. तिला तोलता आले नाही.

"मोरी मी बघतो," कुन म्हणाला.

ती त्याला म्हणाली, तुम्ही डावखुरे, काठी तरी नीट धरता येईल का. त्याने हसायचा प्रयत्न केला. दोघांच्या संसारातली ती शेवटची थट्टा.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर देवघरातून मिरवणूक निघाली. पुढे आंधळा राजा, काठी टेकत. मागे पांढऱ्या कापडाखाली सहा पात्रे, प्रत्येक चार-चार माणसांच्या खांद्यावर. सातवे राजाने चौथऱ्यावरच ठेवले. त्यात शिसे जास्त पडले आहे, टोके वाकतील, असे कुनने शुआनजवळ बजावले होते. भर दिवसा, भर रस्त्यातून तुंगचे प्राण चालले होते, आणि सारे नगर धुळीत कपाळ टेकून पडले होते. प्रधान मेंग चौकात पडला होता. राजाची काठी त्याच्या कानाशेजारून टकटकत गेली. रीतीचा तो सर्वांत मोठा रक्षक. त्याने डोके उचलले नाही.

विहिरीपाशी पात्रे थांबली नाहीत. भट्टीच्या आवारात गेली, आणि दुआनच्या माणसांनी दार लावले.

राजाने घण मागितला. त्याचा हात पहिल्या पात्राच्या पोटावरून फिरला, डोळ्यांवरून, शिंगांवरून, जिथे खालचा जबडा असायला हवा तिथल्या रिकाम्या जागेवरून. मग त्याने घण उचलला. म्हाताऱ्याच्या हातात जोर किती असणार. पात्राला ओरखडा पडला नाही, ते फक्त वाजले, घंटेसारखे, लांबवर, आणि आवारातली चाळीस घरची माणसे रडू लागली. राजा म्हणाला, "वर गेल्यावर पितरांना मी सांगेन. तुम्हाला कोणी विचारणार नाही." दुसरा घाव शुआनने घातला. तो खरा बसला.

त्या दुपारपासून भाते थांबले नाहीत. मुशीत शिंगे गेली, डोळे गेले, मेघगर्जना गेली; लाल रस होऊन साच्यात उतरली आणि टोके होऊन बाहेर आली. सहा पात्रांची बारा हजारांवर टोके झाली.

अमावास्येच्या सकाळी खांगचे सैन्य निवांत पुढे आले. त्यांना सांगितलेले होते की देवघराचे नगारे वाजले की पूर्व दरवाजा उघडेल. नगारे वाजले. दरवाजा उघडला नाही. हाती टोके आल्यावर, राजाच्या शब्दाने, दुआनने पहाटेच मेंगची शिबंदी तिथून हाकलून स्वतःची माणसे बसवली होती. तटावरून बाण आले, असे आले की दिवसभर आभाळाला खरूज झाल्यासारखे दिसत होते. खांगच्या राजाला त्याची सहा पात्रे पोचू लागली, एकेक टोक करून, त्याच्या माणसांच्या बरगड्यांत. चार दिवस हे चालले. चौथ्या दिवशी खांगच्या छावणीत तंबू उपटायला सुरुवात झाली. तटावरून ते स्पष्ट दिसत होते, आणि दुआन, जो कधी हसत नसे, त्याने पहारेकऱ्यांना विचारले की आज पेज कोण दाट करणार आहे.

मेंग वाड्यात बसून होता. विकायला पात्रे उरली नव्हती. दरवाजा उरला होता. त्याच चौथ्या दुपारी त्याचा माणूस मोरीतून बाहेर गेला, कारण त्या वेळी मोरीवर कोणी नव्हते. कुन तेव्हा भट्टीवर होता. दुसरा ओतणारा आदल्या दिवशी तटावर पडला होता. मोरी राखायची तर ओतायचे कोणी, आणि ओतायचे तर मोरी राखायची कोणी. एक माणूस, दोन जागा. तो दर वेळी ओतून झाले की धावत मोरीकडे जाई आणि मुशीतला रस तयार झाला की धावत परत येई. शुआन त्याला जाता-येता पाही. दुआन शंभर पावलांवर उभा असे. तिने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले.

त्रेचाळिसाव्या पहाटे धुक्यात तीस माणसे मोरीतून आली. कुन तिथे होता, मूस उचलायचा लांब दांडा घेऊन. तोंड अरुंद, एका वेळी एकच डोके बाहेर येई. पाच जण तो दांडा खाऊन तिथेच राहिले. सहाव्याने भाला आधी बाहेर काढला. कुन ओरडला होता, पुष्कळांनी ऐकले. पण धुक्यात आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत पूर्व दरवाजाचा अडसर आतून निघाला होता. दुआन दरवाजात मेला. हे तुमचे आपखुशीने उघडलेले दार.

खांगचा राजा देवघरात शिरला तेव्हा आंधळा जिंग चौथऱ्याला टेकून बसला होता, आणि सहा जागी रिकामे खळगे होते. विजेत्याने विसारात मिळालेले सातवे पात्र आणवले आणि चौथऱ्यावरच्या सातव्याशेजारी ठेवले. एक घट्ट बसले, एक डुगडुगले. त्याच दुपारी राजा जिंग वारला. कसा, ते तुमच्या बखरीत नाही. मेंगला मात्र कोणी मारले नाही; पात्रे राजीखुशीने मिळाली अशी शपथ घ्यायला तुंगचा एक प्रतिष्ठित माणूस हवा होता. तो पुढे एकोणीस वर्षे त्या प्रांताचा कारभारी होता, आणि अमावास्येला त्याचे डोळे अजून भरून येत.

मग हुकूम सुटला. रणातली, प्रेतांतली, चिखलातली टोके वेचून आणा. त्यांची पुन्हा सहा पात्रे करा, होती तशीच. आणि पहिल्याच्या पोटात, आतल्या तळाला, लेख घाला. लेखाचा मजकूर बांबूच्या पट्टीवर लिहून आला. शुआनला साखळीने भट्टीवर बसवले. कुनने म्हटले होते तसेच झाले. ओताऱ्यांना मारले नाही. चाळीस घरे वाचली. हा हिशेब तिला रोज सकाळी दिसे, आणि दरवाजापाशी पडलेली घरेही दिसत.

तिने पाच पिढ्यांचे ते तोंड आठवणीतून कोरले. पट्टीवरची अक्षरे कोरली. "आपखुशीने" हा शब्दही कोरला, उलटा, जसा गाभ्यावर कोरतात तसा, नीट, सुरेख. मग टेकू ठेवायची वेळ आली. टेकू जुन्या कांशाचे लागतात, आणि जुने कांसे तिच्याजवळ ढिगाने होते. त्या ढिगातून तिने एक टोक उचलले, सबंध, पाती न वाकलेले, आणि अक्षरांच्या दोन ओळींमध्ये, "आपखुशीने"च्या बरोबर शेजारी, ठेवून दिले.

साचा फोडल्यावर खांगचा अंमलदार तपासायला आला. त्याने लेख अक्षर अक्षर लावून पाहिला. ओळींमध्ये टोकदार काळसर खूण दिसत होती.

"हे काय?"

"टेकू," शुआन म्हणाली. "त्याच्याशिवाय गाभा बसत नाही, धनी. नक्षी कोसळते."

ते खरेच होते. अंमलदार पुढे गेला. पात्र घासले, चकाकले, त्यात मांस शिजले, आणि शुआन आणखी बावीस वर्षे खांगसाठी साचे कोरून, त्यांच्याच भट्टीजवळ मेली. तिच्या हातचे त्यानंतरचे टेकू सगळे डोळ्यांमागे आहेत. उघडा असा तो एकच.

पुढे तुमचे विद्वान आले. त्यांनी पात्राच्या पोटात ओला कागद दाबला, वरून शाई थोपटली आणि लेखाचा ठसा घेतला. अक्षरे वाचली, त्यांवर भाष्ये लिहिली, खांगच्या औदार्यावर शेकडो पाने खर्ची घातली. ठशात ती टोकदार खूण दर वेळी उठत होती. तिला त्यांनी ओतकामातला दोष म्हटले.

तो दोष नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे. ज्या पात्रांसाठी एक बाणही सुटला नाही, जी हसतमुखाने तुमच्या चरणी ठेवली गेली, त्यांच्या पोटात, तुमच्याच त्या शब्दाच्या शेजारी, बाणाचे टोक कसे आले? उत्तर द्या.